नवीन बीट मिळालंय? थैली उचलायच्या आधी हे वाचून घ्या

साताऱ्यात पेठेतलं बीट, म्हणजे एका पोस्टमननं टपाल वाटायचा भाग, मला मिळालं तो पहिला दिवस अजून आठवतो. त्याआधी मी पाटण तालुक्यातल्या एका ब्रँच ऑफिसला डाक सेवक होतो, तिथं दिवसाला वीस-पंचवीस पत्रं, त्यामुळं वाटलं शहरात काय, जास्तीत जास्त दुप्पट-तिप्पट असेल. थैली भरली, गाडीला अडकवली आणि हाताला येईल ते पत्र काढून वाटत सुटलो. समर्थ मंदिराकडचा चढ त्या दिवशी मी तीनदा चढलो. साडेपाचला ऑफिसात परत आलो तेव्हा थैलीत अजून चाळीसेक पत्रं शिल्लक आणि शर्ट पिळून वाळत घालायच्या लायकीचा. आमच्यात एक जुने पोस्टमन होते, आता रिटायर झालेत, त्यांनी एवढंच विचारलं, "तीनदा चढलास, मग टपाल तीनदा आलं होतं काय रं?"

हे लिहितोय ते नव्या पोरापोरींसाठी. डाक सेवकाची निवड दहावीच्या मार्कांवर होते, त्यामुळं आपल्याकडं लांबलांबची पोरं येतात, कोण नांदेडचा, कोण गोंदियाचा, त्यांना इथली भावकी माहिती नसते, आळी माहिती नसते आणि पहिल्याच महिन्यात लोड बघून घाबरतात. लोड खरंच जास्त आहे, खोटं कशाला बोलू, पण त्यातला बराचसा आपणच वाढवून घेतलेला असतो, आणि उरलेला कुणाला दिसत नाही कारण आपण तो कुठं लिहून ठेवत नाही. या दोन गोष्टी धरून सांगतो.

पहिला आठवडा पायी

जमत असेल तर पहिले तीन-चार दिवस जुन्या माणसाबरोबर चालत फिरा. गाडीवरून गल्ली दिसते, दार दिसत नाही. कुठला जिना मागच्या बाजूनं आहे, कुठल्या वाड्यात चार बिऱ्हाडं आहेत आणि पाटी एकाचीच आहे, कुठल्या अपार्टमेंटचा वॉचमन पत्र घेतो पण वर पोचवत नाही, हे चालल्यावरच कळतं. शंभर पानी वही घ्या, एका गल्लीला एक पान, रेघ मारून डावीकडची घरं डावीकडं आणि उजवीकडची उजवीकडं लिहा. नाव, घरात फोन कुणाचा लागतो, घरी कधी असतात, एवढं बास. ही वही मोबाईलमध्ये नको, पावसात ओल्या बोटानं मोबाईल उघडत नाही.

सातारा गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बसलंय, वरचा रस्ता, खालचा रस्ता आणि दोन्हीला जोडणारे बोळ. त्यामुळं मी काय करतो, थैली भरलेली असताना गाडी आधी सगळ्यात वर नेतो आणि मग वाटत वाटत पोवई नाक्याच्या अंगाला खाली उतरतो. पायी चालायचं ते सगळं उताराला येतं. नवीन माणूस ऑफिसातून निघाला की जवळच्या घरापासून सुरू करतो आणि दुपारी उन्हात चढाला लागतो. सांगलीवाल्यांना चढाचा त्रास नाही, त्यांचा त्रास कृष्णेचा. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा पुराचं पाणी घरात आलेली माणसं तिथं आहेत, आणि पूर आला की पत्ता तिथंच राहतो, माणूस मात्र पाहुण्यांकडं गेलेला असतो. सांगलीचा एक मित्र सांगायचा की त्या दिवसांत वहीतल्या फोन नंबरांनीच त्याला वाचवलं.

पिन आधी, नाव नंतर

सकाळी टपालाची बॅग उघडली की लगेच नाव वाचायची सवय लावू नका. आधी पिन. साताऱ्याचं ४१५००१, कराडचं ४१५११०, सांगलीचं ४१६४१६, मिरजेचं ४१६४१०, हे डोळ्यात बसलं पाहिजे. मग गावाचं नाव आणि तालुका जुळतोय का बघा, कारण आपल्याकडं एकाच नावाची गावं लय. बोरगाव साताऱ्याजवळ पण आहे आणि वाळव्यात पण आहे. वडगाव म्हटलं की वडगाव हवेली का वडगाव जयराम स्वामी, एक कराडात, दुसरं खटावात. चुकून आलेलं पत्र टेबलावर दोन सेकंदात बाजूला निघतं. तेच थैलीतून गेलं तर तुम्ही त्या नावाचा माणूस शोधत अर्धा तास हिंडणार आणि संध्याकाळी ते परतच आणणार.

टेबलावरचा तास

आता मेन गोष्ट. आपल्याला वाटतं पत्रं लावण्यात वेळ गेला म्हणजे बटवड्याचा वेळ गेला, बाकीचे निघाले आपण अजून इथंच. निघू द्या. मी पाऊण तास ते एक तास टेबलावर घालवतो आणि तरी त्यांच्या आधी परत येतो.

पद्धत अशी. आधी सहीचं टपाल वेगळं काढायचं, म्हणजे स्पीड पोस्ट, पार्सल, मनीऑर्डर, आणि ते मोबाईलमध्ये आपल्या नावावर नीट आलंय का बघायचं, हातात आहे पण यादीत नाही किंवा यादीत आहे पण हातात नाही असं एक जरी असलं तरी तिथंच सांगायचं, रस्त्यावर गेल्यावर नाही. मग साधं टपाल गल्लीप्रमाणं, आणि गल्लीच्या आत ज्या क्रमानं चालणार त्या क्रमानं. प्रत्येक गल्लीला एक रबर. पहिली गल्ली थैलीत सगळ्यात वर, शेवटची तळाला, हे सांगायची गरज नाही वाटेल पण मी स्वतः महिनाभर उलटं भरत होतो.

आणि एक युक्ती, ही मला कुणी शिकवली नाही, शिव्या खाऊन शिकलो. ज्या घरचं सहीचं टपाल आहे त्या घराच्या जागी साध्या गठ्ठ्यात एक लाल चिठ्ठी घालायची. साधी पत्रं टाकत पुढं जाताना चिठ्ठी हाताला लागली की थांबायचं, इथं सही आहे. नाहीतर काय होतं, गठ्ठा वाटून आपण गल्लीच्या टोकाला पोचतो आणि मग आठवतं की मधल्या घरचं एटीएम कार्ड थैलीतच राहिलं.

टेबलावर असतानाच सात-आठ फोन करून घ्या. पार्सलवर, स्पीड पोस्टवर बऱ्याचदा नंबर असतो. "पोस्टातून बोलतोय, तुमचं टपाल आहे, साडेबाराच्या सुमाराला कोण असेल का घरी?" दहा सेकंदाचं काम आहे. कोण नसेल तर तो जिना त्या दिवशी चढायचाच नाही, कधी यायचं ते त्यांनाच विचारायचं. आत काय आहे, कुठून आलंय, ते फोनवर जास्त सांगत बसू नका, समोर कोण उचलेल सांगता येत नाही.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हापासून नवीन लोकांचा एक गोंधळ होतो, त्यांना वाटतं आता सगळं सारखंच. सारखं नाही. ज्यावर रजिस्ट्रेशनची जादा सेवा घेतलीय ते पत्त्यावरच्या माणसालाच किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं, शेजारणीला नाही. ओटीपीचं टपाल असेल तर ओटीपी जुळल्याशिवाय हातातून सोडायचं नाही, समोरचा कितीही ओळखीचा असू दे. अशी पत्रं टेबलावरच वेगळ्या कप्प्यात ठेवली तर दारात घासाघीस होत नाही.

सगळं आज जात नाही, मग आधी काय

सोमवारी, सुट्टीनंतर, राखीच्या आठवड्यात हे होणारच. थैली भरून वर दोन कट्टे उरले. अशा वेळी माझा क्रम ठरलेला आहे. पैसे आणि पेन्शन, पासपोर्ट, एटीएम कार्ड, कोर्टाची नोटीस, नोकरीची किंवा मुलाखतीची पत्रं, राख्या, मग बाकी स्पीड पोस्ट आणि पार्सल, मग साधी पत्रं, आणि शेवटी छापील मासिकं आणि जाहिराती. राखी एवढी वर का म्हणाल तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पोचलेली राखी द्यायला तुम्ही स्वतः जाऊन बघा, ती आजी तुमच्याकडं ज्या नजरेनं बघते ना, त्यापेक्षा मेमो परवडला.

जे आज जाणार नाही ते निघायच्या आधी पोस्टमास्तरांना सांगून ठेवायचं, किती राहतंय आणि कुठल्या गल्लीचं राहतंय. संध्याकाळी आल्यावर सांगितलं की ती सबब होते, सकाळी सांगितलं की तो हिशोब होतो. आणि हात जोडून सांगतो, राहिलेलं टपाल घरी नेऊन ठेवायचं, डिकीत ठेवायचं, उद्या बघू म्हणायचं, हे करू नका. एका दिवसाचं दहा दिवसांचं होतं आणि मग ते कुठून काढायचं हेच कळत नाही. चांगली पोरं यात नोकरीला मुकलीत.

कारखान्याचे अहवाल

हे बाहेरून आलेल्यांना अजिबात माहिती नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आपल्या सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, सोसायट्या किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, आणि प्रत्येकाचा अहवाल सभासदाच्या नावानं निघतो. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, त्यात पाऊस, आणि त्यातच एका सकाळी बॅगेतून जाडजूड अहवालांचा ढीग. एका गावात दोनशे सभासद असतील तर दोनशे पुस्तकं. आणि गाव असं की निम्म्या गावाचं आडनाव एक.

पहिल्या वर्षी मी ते घरोघर नेत बसलो. एका वस्तीवर सात अहवाल, सगळे एकाच आडनावाचे, पैकी तीन नावं सारखी, फक्त बापाचं नाव वेगळं. त्यात दोघं वारलेले. शेअर वारसाच्या नावावर केलाच नाही, त्यामुळं म्हातारा जाऊन बारा वर्षं झाली तरी सभेचं निमंत्रण अजून त्यालाच. घरातली सून म्हणाली, "द्या इकडं, चुलीला होतील." मी म्हटलं आक्का, तुमच्यासमोर चुलीत घातलेलं मी बघितलं तर पंचाईत होईल, मी गेल्यावर काय करायचं ते करा. पण कायद्यानं ते तिला द्यायचं का परत पाठवायचं हा प्रश्न खराच आहे, सभासद वारला असेल आणि कुणी घ्यायला तयार नसेल तर शेरा मारून परत, तिथं दया दाखवायला जाऊ नका.

आता मी काय करतो. अहवाल आले की त्यांची चाहूल आधीच लागलेली असते, कारखान्याच्या पोरांकडून कळतं की छपाई झाली. तेव्हा पोस्टमास्तरांशी बोलून वाटप तीन-चार दिवसांत वाटून घ्यायचं, आज या दोन आळ्या, उद्या त्या दोन, रोजच्या टपालाबरोबर थोडे थोडे. टेबलावर आडनावानं नाही लावायचे, वस्तीनं लावायचे, कारण आडनाव सगळ्यांचं तेच. बापाच्या नावाला पेनानं रेघ मारून ठेवायची, दारात उन्हात उभं राहून बारीक अक्षर वाचायला लागत नाही. आणि संध्याकाळी पाराजवळ, दूध डेअरीवर सभासद गाठ पडतात, डेअरीच्या वेळेला तिथनं गेलात तर एका जागी पंधरा-वीस माणसं स्वतःच्या हातानं स्वतःचा अहवाल घेतात. मात्र डेअरीवाल्याच्या हातात अख्खा गठ्ठा ठेवून निघून यायचं नाही. पेट्रोल वाचतं आणि तक्रार येते.

दार बंद

घर बंद असेल तर चिठ्ठी टाका, शेरा मारा, पत्र ऑफिसात सात दिवस थांबतं, मग परत जातं. हे सगळ्यांना शिकवतात. जे शिकवत नाहीत ते हे की लोड वाढला की बोट आपोआप "दार बंद" कडं जातं, न जाताच. एकदा केलं की सोपं वाटतं. पण आता पत्र पाठवणाऱ्याला शेरा मोबाईलवर लगेच दिसतो, आणि घरातला माणूस दिवसभर ओसरीवर बसलेला असतो. त्याच्याशी खोटं बोलून तुम्ही त्याच गल्लीत पुढची पाच वर्षं कसे फिरणार?

जावळी, पाटणकडची बंद घरं मात्र खरीच बंद असतात, माणसं मुंबईला. यात्रेला आणि गणपतीला येतात. अशा घरांची यादी वहीत वेगळी करा आणि भावकीतल्या कुणाकडून मुंबईचा नंबर घेऊन ठेवा, पत्ता बदलून हवा असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या. दर वेळी तो डोंगर चढून कुलूप बघायला जायचं बंद होतं.

गावातलं बीट आणि अंगठा

गावाकडं आता पत्रांपेक्षा पैशाचं काम जास्त. २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक आली, त्यानंतर आधारवर अंगठा लावून पैसे द्यायचं सुरू झालं, एका वेळी दहा हजारांपर्यंत. लाडक्या बहिणीचा हप्ता पडला, निराधारची पेन्शन पडली की त्या दिवशी तुम्हाला कुणी पत्राचं विचारतच नाही, निम्मं गाव ओट्यावर. घरोघर जाऊन एकेकीला पैसे देत बसलात तर अंधार पडतो. त्यापेक्षा वेळ आणि जागा ठरवा, अकरा ते एक देवळात, ग्रामपंचायतीच्या पडवीत, जिथं रेंज आहे तिथं, आणि दोन दिवस आधी सगळ्यांना सांगा. ज्यांना चालवत नाही त्या चार-पाच आज्यांकडं घरी जायचं, तेवढं आपलं कामच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही. ओल्या फडक्यानं बोट पुसा, कोरडं करा, दुसरं बोट बघा, डाव्या हाताचं बघा. पाठोपाठ दहा वेळा दाबत बसू नका, मागची लाईन चिडते आणि त्या बाईला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. पैसे तिच्या हातावर मोजून द्यायचे, तिला मोजायला लावायचे, आणि वहीत लगेच, पुढच्या माणसाला हात लावायच्या आधी. माझे एकदा पंधराशे कमी पडले होते. खिशातून भरले, आणि घरी बायकोला सांगायला महिना लागला.

अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं ज्यांच्या वाट्याला आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, युनिटकडून, रेकॉर्ड ऑफिसकडून आलेलं पाकीट कधी गठ्ठ्यात दाबायचं नाही, पेन्शनचं काम त्याच्यावर अडलेलं असतं.

अंग, पाऊस, कुत्री

थैली एकाच खांद्याला रोज नको, बाजू बदला, किंवा गाडीला दोन्ही बाजूंनी सारखं वजन लावा. पावसाळ्यात यवतेश्वरच्या बाजूला नाहीतर महाबळेश्वरकडं बीट असेल तर रेनकोट तुमच्यासाठी आणि जाड प्लास्टिक टपालासाठी, दोन्ही हवं, आणि गल्लीचा एकेक गठ्ठा वेगळ्या पिशवीत, म्हणजे एक काढताना बाकीचे भिजत नाहीत. पॉवर बँक पाहिजेच.

चहाचं सांगतो. आपल्याकडं दार वाजवलं की चहा. नाही म्हटलं तर राग, हो म्हटलं तर दहा मिनिटं. मी दोन घरं ठरवलीत, सकाळी एक, दुपारी एक, बाकी सगळ्यांना पित्ताचं सांगतो. नोकरीचं पत्र दिल्यावर मिळालेला कंदी पेढा मात्र तिथंच खायचा, त्याला पित्त होत नाही.

कुत्रं चावलं तर आधी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा, "साधं ओरखडलंय" म्हणून राहिलेलं बीट पुरं करत बसू नका. ऑफिसला पण लेखी कळवा.

रोजचा आकडा

शेवटचं, आणि हे नवीन लोक कधीच करत नाहीत. रोज संध्याकाळी वहीत एक ओळ. तारीख, सहीचं टपाल किती, साधं अंदाजे किती, पार्सल किती, किती वाजता निघालो, किती वाजता आलो, किती परत आणलं. एवढंच. "लय लोड आहे साहेब" असं म्हणणारे साहेबाकडं रोज चार जण येतात, त्यानं काही होत नाही. माझ्या बीटात दोन-तीन वर्षांत एका माळावर नवीन कॉलनी उभी राहिली, बंगले, चार बिल्डिंगा, आणि बीट कागदावर होतं तेवढंच. तोंडी मी दीड वर्ष सांगत होतो. मग तीन महिन्यांच्या ओळी कोऱ्या कागदावर उतरवून काढल्या, कॉलनीचं टपाल वेगळ्या रकान्यात, खाली अर्ज, आणि दिला. लगेच झालं नाही, पण मोजणी झाली आणि ती कॉलनी शेजारच्या बीटाला गेली. शेजारचा पोस्टमन महिनाभर माझ्याशी बोलला नाही, ते वेगळं. त्याला पण म्हटलं, तू पण वही घाल.

रजेवर जाताना हीच वही बदलीवर येणाऱ्याला द्या, तुमची गल्लीची पानं, बंद घरांची यादी, सगळं. आणि मागच्या पानावर कुठल्या गल्लीत कुठलं कुत्रं मोकळं असतं ते लिहून ठेवा, तो सगळ्यात आधी तेच पान उघडतो.